दोरीला बांधलेला पक्षी

मन आवरायचं तर आधी श्वास आवरा, हे आज इतक्या सहज सांगतात की जणू त्यावर कधी वादच नव्हता. पण श्वासाचं नेमकं काय करायचं, यावर जुन्या मंडळींचं एकमत नव्हतं.

श्वास आणि मन यांची गाठ छांदोग्य उपनिषदात दिसते. उद्दालक आरुणी मुलाला, श्वेतकेतूला सांगतो: दोरीला बांधलेला पक्षी चहूकडे उडून पाहतो आणि कुठेच थारा मिळाला नाही की बांधल्या जागी परत येतो. मनही तसंच, प्राणाला बांधलेलं. इथे नाक धरण्याची भाषा नाही. ती श्वेताश्वतर उपनिषदात येते: प्राण आवरावा, तो मंदावला की नाकपुडीने सोडावा, आणि द्वाड घोडे जुंपलेल्या रथासारखं मन सांभाळावं.

रोखण्याचा अतिरेक कुठवर जातो, हे मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथात गौतम बुद्ध स्वतःच्या अनुभवातून सांगतो. तोंड आणि नाक बंद केलं, तर कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येऊ लागला. मग कानही बंद केले, तर डोक्यात तलवारीचं टोक घुसल्यासारख्या वेदना. शांतता राहिली बाजूलाच! पुढे त्याने शिकवलेल्या आनापानसतीत, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या साधनेत, श्वास अडवायचा नसतो. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढं जाणत राहायचं.

पतंजली रोखणाऱ्यांच्या बाजूचा, पण त्याचा आग्रह नाही. त्याच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं, म्हणजे भागातलं, 34वं सूत्र आहे 'प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य': श्वास बाहेर टाकून आणि धरून चित्त प्रसन्न होतं. त्यातला 'वा' मला फार मोलाचा वाटतो. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हा उपाय आदल्याच सूत्रात येऊन गेलाय. हा दुसरा, आणि पुढे आणखीही आहेत. दुसऱ्या पादात मात्र प्राणायाम आठ अंगांतलं चौथं अंग होतो. त्याचं फळ काय, तर मन धारणेला, म्हणजे एका जागी स्थिर व्हायला, लायक होतं. म्हणजे शांत होणं ही तयारी, मुक्काम पुढेच.

मनुस्मृतीत प्राणायाम दोष जाळणारा आहे, भट्टीत धातूचा मळ जळावा तसा. पंधराव्या शतकात स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत तो पुन्हा थेट मनाशी येतो: 'चले वाते चलं चित्तम्', वारा हलला की चित्त हललं. उज्जायी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी असे आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचे प्रकार, सांगताना तंबीही आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण. घाई केली तर साधकाचाच जीव घेतो.

1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, हे शरीरशास्त्राला आता नीट ठाऊक आहे. म्हणून तर उच्छ्वास लांबवायला सांगतात. पतंजलीच्या त्या सूत्रातही पहिला शब्द प्रच्छर्दन, म्हणजे श्वास बाहेर टाकणं, हाच आहे.