झेंडीवाल्याच्या अंगावर वर्दी नाही

जळगावात हायवेचं चौपदरीकरण चालू होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना, चपलेचा तळ डांबराला चिकटेल असं ऊन, अन् एक पोरगा तोंडाला रुमाल गुंडाळून लाल झेंडी घेऊन उभा. त्याने एक गाडी थांबवली तर आतला माणूस आईबहिणीवरून शिव्या देत खाली उतरला अन् सरळ त्याची कॉलर धरली. मागे केळीचे ट्रक हॉर्न मारताहेत, उतरत कोणीच नाही. मी पण उशिरा उतरलो, ते अजून मनाला लागून आहे.

वर्दीवाल्यासाठी निदान कायदा तरी जुना आहे. 1860 च्या दंड संहितेत कलम 353 होतं, सरकारी नोकराला ड्युटी करू नये म्हणून हल्ला केला तर 2 वर्षांपर्यंत कैद. पण कलम असून काय झालं? ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत खारला ट्रॅफिक हवालदार विलास शिंदे यांनी बिनहेल्मेटच्या पोराला अडवलं, त्याने भावाला बोलावून घेतलं, शिंदेंच्या डोक्यात मारलं, आठवडाभर झुंजून 31 ऑगस्टला ते गेले. धुळे-जळगावच्या चौकाचौकात तेव्हा हाच विषय होता. पुढे 2018 मध्ये महाराष्ट्राने 353 ची शिक्षा 5 वर्षांपर्यंत नेली. मग वाहतुकीचे नियम मोडल्याचे दंड वाढले, केंद्राचा कायदा 2019 चा, आपल्याकडे लागू झाला डिसेंबर 2021 मध्ये, अन् चौकातली हुज्जत अजून वाढली, कारण दंड ठरवतं सरकार पण समोर दिसतो मोबाइलवर फोटो काढणारा हवालदार, राग निघतो त्याच्यावरच. 1 जुलै 2024 पासून त्या जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात 353 च्या जागी कलम 132, अन् कमाल शिक्षा परत 2 वर्षं. हे मला अजिबात पटत नाही.

अन् झेंडीवाला? तो ठेकेदाराचा माणूस, रोजंदारीवर. सरकारी नोकर नाही म्हणून ही कलमं त्याला सहसा लागतच नाहीत, मारलं तर साधी मारहाणीची तक्रार, तीही रोज बुडवून पोलीस स्टेशनला जाऊन द्यायची. त्या दिवशी मी म्हटलं, चल भो, मी येतो सोबत. तो म्हणे, राहू द्या दादा, मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणेल. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, ते त्याने वाकून शोधलं, खिशात टाकलं अन् परत झेंडी उचलली.