फोनच्या सेटिंगमधली ती तारीख आली कुठून?

सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘अँड्रॉइड व्हर्जन’वर टिचकी मारली की बहुतेक फोनांत ‘सिक्युरिटी अपडेट’ अशी एक ओळ दिसते आणि तिच्यापुढे एक तारीख असते. फोन वापरायला अजून सुरक्षित आहे का, हे बॅटरीवरून किंवा काचेवरच्या चऱ्यांवरून कळत नाही. ते ही तारीख सांगते. अँड्रॉइड ६.० येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०१५ पर्यंत, ही ओळच नव्हती.

ती आली स्टेजफ्राइटमुळे. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ-ऑडिओ वाचणारा ‘लिबस्टेजफ्राइट’ नावाचा एक भाग आहे. झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीतल्या जोशुआ ड्रेक यांना त्यात गंभीर त्रुटी सापडल्या आणि जुलै २०१५ मध्ये त्या जाहीर झाल्या. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवायचा. मेसेजचं अ‍ॅप तो आपोआप उतरवून घेतं, त्याचं छोटं चित्र तयार करायला जातं आणि तेवढ्यात हल्लेखोराचा कोड चालतो. फोनच्या मालकाने कशालाही हात लावायची गरज नाही. २.२ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत हा दोष होता. अंदाज होता सुमारे ९५ कोटी फोनांचा.

खरा धक्का पुढे होता. ड्रेक यांनी दुरुस्ती एप्रिलमध्येच गूगलला पाठवली होती आणि गूगलने ती आपल्या कोडमध्ये दोन दिवसांत घेतलीही होती. तरी जुलैअखेर ती जवळपास कोणाच्याच हातातल्या फोनात पोचलेली नव्हती. कारण गूगलने कोड दुरुस्त केला की तो आधी क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या चिप बनवणाऱ्यांकडे जातो. ते आपल्या चिपसाठी त्यात फेरफार करतात. मग फोन कंपनी त्यावर आपला मुलामा चढवते, प्रत्येक मॉडेलवर चाचणी घेते. काही देशांत त्यावर मोबाइल सेवा कंपनीची मंजुरीही लागते. भारतात बहुतेक फोन खुल्या बाजारात विकले जातात, त्यामुळे ही शेवटची कडी आपल्याकडे फारशी आड येत नाही. अडतं ते चिप आणि फोन कंपनीपाशी. स्वस्त मॉडेल एकदा विकून झालं की त्यावर माणसं बसवण्यात कंपनीला काही मिळत नाही.

५ ऑगस्ट २०१५ रोजी गूगलने दरमहा सुरक्षा अपडेट द्यायचं जाहीर केलं आणि पाठोपाठ सेटिंगमध्ये तारीख आली. जुलै २०१६ पासून या तारखेत एक बारकावा आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. तारीख महिन्याच्या १ ची असेल तर फक्त अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या त्रुटी बुजवलेल्या असतात. ५ तारीख असेल तर कर्नल (सिस्टिमचा सगळ्यात आतला गाभा) आणि चिपचे ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कोड) यांच्या दुरुस्त्याही आलेल्या असतात. महिना एकच असला तरी दोन फोनांत एवढा फरक असू शकतो.

आणि तारीखही दर वेळी खरं बोलत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीतल्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्सने दाखवून दिलं की काही कंपन्यांच्या फोनांवर तारीख नवी होती, पण त्या महिन्याचे काही पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आत नव्हत्याच.

साखळी किती लांबते याची दोन उदाहरणं. अँड्रॉइड ज्यावर चालतं त्या लिनक्स कर्नलच्या ‘बाइंडर’ भागातला एक दोष २०१८ च्या आरंभीच मूळ कर्नलमध्ये दुरुस्त झाला होता. अनेक फोनांपर्यंत ती दुरुस्ती गेलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने त्या दोषाचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर होत असल्याचं जाहीर केलं. बाधित मॉडेलांत भारतात भरपूर खपलेले रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ होते. दुसरं मीडियाटेकचं: आपल्या चिपमधल्या एका दोषासाठी कंपनीने मे २०१९ मध्ये पॅच दिला, अनेक फोन कंपन्यांनी तो लावलाच नाही, शेवटी मार्च २०२० मध्ये गूगलने तो आपल्या मासिक यादीत घातला.

अपडेट बंद झालेला फोन ‘होता तसाच’ राहतो, हा समज म्हणून चुकीचा आहे. दर महिन्याची यादी जाहीर असते, दुरुस्त केलेला कोड बहुतांशी सर्वांना पाहता येतो. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून पाहिला की भोक नेमकं कुठे होतं हे कळतं. नव्या फोनाला लावलेला प्रत्येक पॅच जुन्या फोनाच्या भोकाचा पत्ता सांगतो.

साखळी लहान करायचे प्रयत्नही झाले, त्यातला पहिला मोठा आपल्याकडेच. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे अँड्रॉइड वन फोन साधारण साडेसहा हजारांत आले. अपडेट थेट गूगलकडून मिळणार होते. बाजारात ते फारसे रुजले नाहीत. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मधल्या ‘ट्रेबल’ने चिपचा कोड आणि अँड्रॉइडचा कोड वेगळे केले. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही भाग थेट गूगलकडून बदलता येऊ लागले. त्यामुळे सेटिंगमध्ये ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ अशी आणखी एक तारीख दिसते. ती नवी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये; कर्नल आणि चिपच्या ड्रायव्हरला ती हात लावत नाही.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आपल्याकडे याचं गांभीर्य बदललं. घरात नवा फोन आला की जुना आई-वडिलांकडे जातो आणि पुष्कळदा बँकेला दिलेल्या नंबरचं सिम त्यातच असतं. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल अशाच फोनात जास्त सहज घुसते. अँड्रॉइड ७ पर्यंत बाहेरची अ‍ॅप घेण्याचं बटण सगळ्या फोनाला मिळून एकच होतं. एकदा सुरू केलं की दार उघडंच. ८ पासून प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. १३ मध्ये अशा अ‍ॅपला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ मिळवायला आणखी एक अडथळा आला. स्क्रीन वाचून पैसे पळवणाऱ्या अ‍ॅपना नेमकी तीच परवानगी हवी असते.

फॅक्टरी रीसेट केल्याने पॅच येत नाहीत, तीच जुनी सिस्टिम कोरी होऊन उभी राहते. अँटिव्हायरस हेही एक साधं अ‍ॅपच. कर्नलमधलं भोक त्याला बुजवता येत नाही. क्रोमची १३९ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिला अँड्रॉइड १० लागतं, म्हणजे ८ आणि ९ वर ब्राउझरही थांबला. कंपनीची सिस्टिम काढून लिनिएजओएससारखी अँड्रॉइडवरच बेतलेली दुसरी सिस्टिम टाकली तर मूळ भाग ताजा होतो, पण चिपचे बंदिस्त ड्रायव्हर जुनेच राहतात आणि बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा भाग) उघडा, म्हणजे कुलूप काढलेला, दिसला की अनेक बँक अ‍ॅप चालत नाहीत. वर्षभराहून जुनी तारीख असलेल्या फोनातून यूपीआय, बँकेची अ‍ॅप आणि ओटीपीचं सिम काढावं, एमएमएस आपोआप उतरवणं बंद करावं, ब्लूटूथ लागेल तेव्हाच सुरू करावं. गाणी, गजर, कॅमेरा यासाठी तो खुशाल ठेवावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन मिळालं. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय महासंघाच्या नियमात अपडेटची किमान पाच वर्षं मोजायची ती मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर. जुना किंवा सवलतीतला हँडसेट घेताना दुकानातच सेटिंग उघडून तारीख बघावी आणि ते मॉडेल पहिल्यांदा कधी विकायला आलं, हेही शोधावं.