रोल-प्लेइंग गेममधील प्रणय: मर्जीचे गुण आणि सोबत्याचा नकार

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू स्वतःचे पात्र घडवतो आणि सोबत्यांना घेऊन कथेत उतरतो. त्यांपैकी एखाद्यावर जीव जडण्याची सोय आज गृहीत धरली जाते. तिला आकार मात्र हळूहळू येत गेला. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’मध्ये (१९९२) नायकाला वधू निवडावी लागे, पण तो विवाह कथानकाचा ठरलेला टप्पा होता. संवादांतून फुलत जाणाऱ्या नात्याचा साचा रुळवला तो कॅनडातील बायोवेअरच्या ‘बाल्डर्स गेट २’ने (२०००). त्यात पुरुष नायकासाठी तिघी होत्या आणि स्त्री नायिकेसाठी एकच पुरुष. निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर कोणता खेळाडू होता, हे यावरून कळते.

याच कंपनीच्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) सोबत्याची मर्जी उणे १०० ते अधिक १०० अशी मोजली जाई, भेटवस्तू दिल्या की ती वाढे आणि पुरेशी वाढल्यावर प्रणयप्रसंगाची वाट मोकळी होई. पोलंडच्या ‘द विचर’ने (२००७) तर प्रत्येक शय्यासोबतीनंतर त्या स्त्रीचे चित्र असलेले पत्ते खेळाडूच्या संग्रहात जमा केले. माझ्या मते या प्रकारातील खरा दोष या हिशेबात होता, कारण त्यात समोरच्या पात्राला स्वतःची इच्छाच उरत नसे.

सार्वजनिक वाद मात्र दृश्यांवरच होत राहिले. ‘मास इफेक्ट’मधील (२००७) मानवी स्त्री आणि परग्रहावरील स्त्रीरूपी पात्र यांच्या प्रसंगामुळे सिंगापूरने त्या गेमवर बंदी घातली आणि काही दिवसांतच प्रौढांसाठीचे वर्गीकरण देऊन ती उठवली. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या फॉक्स न्यूजवर त्याच गेमवर कडक टीका झाली. टीका करणाऱ्या लेखिकेने तो खेळलेला नव्हता. भारतात नोव्हेंबर २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ स्वतःहून विक्रीतून मागे घेतला आणि स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी हे केल्याचे सांगितले. नेमका कोणता मजकूर अडचणीचा, हे कंपनीने स्पष्ट केले नाही. तथापि त्या गेममध्ये डोरियन हा उघडपणे समलिंगी असलेला सोबती होता आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ कायम ठेवले होते, त्यामुळे अनेक भारतीय खेळाडूंनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला. हे कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू नाही, असा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला.

दरम्यान लेखनात बदल होत होता. ‘द विचर २’ने (२०११) ते पत्ते काढून टाकले. ‘द विचर ३’मध्ये (२०१५) नायकाने ट्रिस आणि येनेफर या दोघींनाही प्रेमाची कबुली दिली, तर दोघी मिळून त्याला पलंगाला बांधून निघून जातात आणि शेवटी तो एकटा उरतो.

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हा बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा गेम. त्यात मर्जीचे गुण अजून आहेत आणि नग्नता झाकण्याची सोय सेटिंगमध्ये दिली आहे. पण मला महत्त्वाचा वाटतो तो अस्टेरियन. मालकाच्या हुकमाने दोनशे वर्षे माणसांना भुरळ घालून आणण्यासाठी वापरला गेलेला हा पिशाच्च सोबती खेळाडूशी लवकरच शय्यासोबत करतो आणि पुढे कबूल करतो, की ती केवळ संरक्षण मिळवण्यासाठी केलेली चाल होती. शरीरसंबंधाची आता त्याला घृणा वाटते. खेळाडूने हे ऐकून घेतले, तर त्यांचे नाते शरीरसंबंधाविना पुढे चालू राहते.