ग्रामीण बँकशाखा आणि आर्थिक वाढ (भारत, १९६९–१९९०)

गावात बँक आल्याने गावाची मिळकत वाढते का, हा विकास-अर्थशास्त्रातला जुना प्रश्न. भारताने या काळात केलेल्या शाखाविस्तारातून त्याचे बरेच ठोस उत्तर मिळते.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे होते. सहकारी संस्था आणि व्यापारी बँका मिळून जेमतेम ४ टक्के भरत. या पाहणीच्या समितीत पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. पुढे १९६९ मध्ये त्यांच्याच अभ्यासगटाच्या शिफारशीतून जिल्हावार जबाबदारी वाटून देणारी अग्रणी बँक योजना आली. त्याच वर्षी १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले.

निर्णायक ठरला तो रिझर्व्ह बँकेचा १९७७ चा नियम: आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. १९६९ मध्ये सुमारे १,८०० असलेल्या ग्रामीण शाखा १९९० पर्यंत ३४,००० च्या पुढे गेल्या. नफ्याचा हिशेब करून बँका कधीच गेल्या नसत्या, अशा मागास राज्यांत त्या गेल्या.

संशोधकांना नेमके हेच उपयोगी पडले. एरवी बँका सधन भागातच जातात. त्यामुळे बँकेने समृद्धी आणली की समृद्धीने बँक आणली, हे कळत नाही. या नियमाने तो क्रम काही वर्षे उलटा केला. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार शाखा वाढल्या तिथे ग्रामीण दारिद्र्य घटले आणि बिगरशेती उत्पादन वाढले. शेतीच्या उत्पादनात मात्र तशी वाढ दिसली नाही. ही बाब महत्त्वाची आहे: ठेव सुरक्षित ठेवता आली, थोडे भांडवल हाती आले, तशी माणसे छोट्या उद्योगव्यवसायाकडे वळू शकली.

या निष्कर्षावर आक्षेपही आहेत. त्याच सुमारास एकात्मिक ग्रामीण विकासासारखे कार्यक्रम चालू होते. त्यांचा परिणाम पूर्णपणे वेगळा काढणे कठीण. शिवाय किंमत मोठी पडली. सरकारी उद्दिष्टे पुरी करण्यासाठी दिलेली बरीच कर्जे थकली, आणि १९९० मध्ये केंद्राने १०,००० रुपयांपर्यंतची कर्जमाफी दिल्यावर वसुलीची शिस्त आणखी ढासळली. त्याच वर्षी चार शाखांची अट गेली आणि पुढील दशकात ग्रामीण विस्तार थंडावला.

२०१४ च्या जनधन योजनेने कोट्यवधी खाती उघडली. अनुदान थेट जमा होऊ लागले. पण १९७७–९० चा पुरावा ठेवी घेणाऱ्या आणि कर्ज देणाऱ्या शाखांचा आहे. तो नुसत्या खात्यांच्या संख्येला लावणे चूक ठरेल.