नदीपात्रातली ‘मोकळी’ जमीन: पुण्याच्या नदीकाठ विकासाची पार्श्वभूमी

मुंबईत गिरण्या बंद पडल्या, 1989 नंतर गोदीतला बराच धंदा न्हावाशेवाला गेला आणि ऐन शहरात मोठाल्या जमिनी पडीक झाल्या. पुण्याला बंदर नाही. इथे ‘रिकामी’ जमीन दिसते ती नदीपात्रात, आणि ती रिकामी दिसते धरणांमुळे.

मुठा नदीवरचं खडकवासला धरण 1879 मध्ये बांधून झालं. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर आली. चौघांची मिळून क्षमता 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम 1.97. पाणी वर अडलं, कालव्याने शेतीला आणि नळाने शहराला गेलं. पावसाळा सोडला तर मुठेत उरलं ते मुख्यतः मैलापाणी. मग कोरड्या पात्रात पार्किंग, सर्कस, चौपाटी, रस्ता असं सगळं आलं. डेक्कनजवळ मेट्रोचे खांबही पात्रातच आहेत.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा लांबच्या वसाहतींत घरं मिळाली. काठ मात्र पुन्हा भरत गेला.

आज काठावर काय चालतं ते दोन पूररेषा ठरवतात. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. मुठेसाठी हे आकडे 60 हजार आणि 1 लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट). निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोन रेषांमधल्या पुनर्विकासात पातळी लाल रेषेच्या किमान 0.45 मीटर वर ठेवावी लागते. कागदावर हे चोख आहे. पण 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून साधारण 35 हजार क्युसेक सोडल्यावरच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी विसर्गाच्या आकड्यात धरलेलं नसतं, आणि राडारोडा टाकून पात्र अरुंद केलं की तेवढंच पाणी जास्त उंचीवर चढतं.

महापालिकेच्या नदीकाठ प्रकल्पाची लांबी 44.4 किमी आहे: मुळा 22.2, मुठा 10.4, संगमाखालची मुळा-मुठा 11.8. आराखडा अहमदाबादच्या सल्लागारांचा, भूमिपूजन 6 मार्च 2022 चं. तिथल्या साबरमती नदीकाठाचा दाखला इथे हमखास दिला जातो. पण तिथे पात्रात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. पुण्याकडे असा उसना प्रवाह नाही. शिवाय भराव आणि भिंतींनी रुंदी कमी केली, तर पुराची पातळी तीच ठेवण्यासाठी तळ खोल करावा लागतो. इथला तळ काळ्या कातळाचा, म्हणजे खोदाई महाग, आणि खोदलेल्या डोहात गाळ पुन्हा बसतो.

मैलापाण्याचं काम वेगळ्या योजनेत आहे: जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं कर्ज, 2016 ची मंजुरी, 990 कोटी, एकूण 396 एमएलडीचे (दिवसाला दशलक्ष लिटर) 11 शुद्धीकरण प्रकल्प. ते पुरे होऊन वाहिन्या जोडल्या जाईपर्यंत बांधीव काठाखाली जलपर्णी आणि डासच राहणार. भिंतीआडचे नाले हाही तितकाच अवघड भाग. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी झडप लागते, नाहीतर नदी चढली की पाणी उलटं वस्तीत येतं. झडप बंद केली की नाल्याचं पाणी आतच तुंबतं, म्हणून तिथे पंपही हवेत आणि वीज गेली तरी चालणारा जनरेटरही.