सुताची ताकद आणि खोलीतली हवा : पदार्थ-चाचणीची पार्श्वभूमी

सोलापुरात चादर किंवा टॉवेल विणणारे जुने कारखानदार सुताची पेटी फोडली की आधी कोनावरचा, म्हणजे सुताच्या शंकूसारख्या गुंडीवरचा, धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरतात, पीळ थोडा उलगडून पाहतात आणि झटका देऊन तो तोडतात. या परीक्षेवर माझा विश्वास आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने बोटांना ते ज्ञान आलेले असते. अडचण एवढीच की ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. सूत कच्चे असल्याची तक्रार शेकडो मैल दूर असलेल्या गिरणीकडे करायची, तर दोघांनाही मान्य होईल असा आकडा लागतो, आणि तो कोणत्या रीतीने काढला हेही दोघांना ठाऊक असावे लागते.

धातूंच्या व्यवहारात ही गरज आधी भासली. डेव्हिड किर्काल्डी या स्कॉटिश अभियंत्याने १८६५ च्या सुमारास लंडनच्या सदर्क भागात स्वतःचे स्वतंत्र चाचणीगृह सुरू केले. पुढे १८७४ मध्ये बांधलेल्या त्याच्या इमारतीच्या दारावर ‘मते नव्हेत, वस्तुस्थिती’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. उत्पादक आणि ग्राहक या दोघांशीही न बांधलेल्या तिसऱ्या माणसाने चाचणी करावी, हा विचार तिथे रुजला. २८ डिसेंबर १८७९ रोजी टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसह कोसळल्यावर त्याच्या लोखंडाचे नमुने तपासणीसाठी किर्काल्डीकडेच गेले होते.

त्याच काळात जर्मनीत ऑगस्ट व्होलर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होता. एका दमात मोठा भार सहज पेलणारा आस त्याहून बऱ्याच कमी भाराच्या लाखो आवर्तनांनी मोडतो, हे त्याने दाखवून दिले. मागावरच्या ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, हे तंतोतंत लागू पडते. दम उघडताना, म्हणजे आडवा धागा जाण्यासाठी ताण्याचे धागे वर-खाली होताना, आणि फणीचा ठोका बसताना ताण्याचा प्रत्येक धागा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ओढला जातो. म्हणून एका झटक्यात न तुटणारे सूतही मागावर तुटातूट करू शकते, आणि ताण्याला खळ (धागा बळकट करणारी पेज) किती द्यायची, मागाचा वेग किती ठेवायचा हे ठरवताना नुसती तोडताकद पुरत नाही.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही इथली पहिली गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ मध्ये सुरू झाली. गिरण्यांबरोबर सुताची मापेही आली. दीड वार घेराच्या रीळवर ८० फेरे घेतले की १२० वारांची एक ‘ली’ होते, अशा सात ली मिळून ८४० वारांची लड होते आणि एका पौंडात जितक्या लडी बसतील तितका काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप. ही ली ताकद मोजण्याच्या यंत्राच्या दोन हुकांवर चढवून खालचा हुक ओढतात. काटा सरकत जातो, एखादा धागा तुटल्याचा बारीक आवाज येतो, मग दोन-चार एकदम, आणि क्षणात सगळी ली विस्कटते. काटा जिथे थांबला तो आकडा पौंडांत घेऊन त्याला काउंटाने गुणले की सीएसपी, म्हणजे काउंट आणि ताकद यांचा गुणाकार, मिळतो. सुताच्या सौद्यात आजही हाच आकडा बोलला जातो.

कापसाच्या बाबतीत मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगशाळेचे काम मला फार मोलाचे वाटते. एखाद्या वाणापासून कसे सूत निघेल, हे तिथे थोडासा कापूस प्रत्यक्ष कातून ठरवले जाई. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि चाचण्यांच्या रीती देशभर एकसारख्या होत गेल्या.

त्या रीतींमधली सोलापूरकरांना सर्वांत जवळची बाब म्हणजे हवा. कापूस हवेतले पाणी शोषतो आणि बहुतेक तंतूंच्या उलट ओलसरपणाने अधिक बळकट होतो. व्हिस्कोजची (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या तंतूची) ताकद मात्र भिजल्यावर जवळपास निम्म्यावर येते. म्हणूनच आपल्या मानकांनी उष्ण प्रदेशासाठी २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ठरवून दिली, दोन-दोन अंकांची सूट ठेवून. इथल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली हवा या मापाच्या जवळपासही नसते.

माझ्या पाहण्यात एकदा भर उन्हाळ्यात आलेला सुताचा लॉट कमी ताकदीचा म्हणून बाजूला काढला गेला होता. चाचणी शेडमध्येच, पेटी फोडल्या फोडल्या झाली होती. तेच कोन ठरलेले तापमान आणि आर्द्रता राखलेल्या खोलीत रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले, तेव्हा ते सौद्यातल्या मर्यादेत बसले. मधल्या एका दिवसात गिरणीवाल्याला बरेच कडवट बोल ऐकावे लागले होते. तेव्हापासून कोणताही अहवाल हाती आला की मी सीएसपीच्या आधी वरची तापमान आणि आर्द्रतेची ओळ वाचतो.