कोंडा आणि मैदा: ग्लुटेन नेमकं कुणात?

धाकट्या दिराच्या मुलीला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन न सोसण्याचा आजार, आहे असं निदान झालं, त्याच आठवड्यात घरात दोन सल्ले येऊन पडले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोंडा चाळून टाका ना बाई, त्यानंच पोट बिघडते. पोरीले मऊ पोळी द्या." तिकडून पुण्याच्या भासऱ्यांचा फोन: "ग्लुटेन मैद्यात असतं. मैदा बंद करा, कोंड्यासकट कणीक खाऊ द्या." शास्त्र भासऱ्यांना जरा जास्त ठाऊक होतं, पण पोरीच्या ताटात गहू दोघांनीही ठेवलाच होता.

गव्हाचा दाणा दाताखाली फोडून पाहा. वरचं तांबूस साल म्हणजे कोंडा, दाण्याच्या वजनाच्या साधारण १४-१५ टक्के. टोकाशी चिमुकला अंकुर, दोन-तीन टक्के. बाकी ८० टक्क्यांहून जास्त तो पांढरा गर, ज्याचा रवा-मैदा होतो. ग्लुटेन या गरातच असतं. रोपाला उगवताना लागणारी ती प्रथिनांची शिदोरी. प्रथिनं कोंड्यातही भरपूर असतात, पण ती वेगळ्या जातीची, ग्लुटेन नव्हे. कोंड्यानं काकूंचं पोट जड होत असेल तर ते चोथ्यामुळे, आणि त्याचा या आजाराशी संबंध नाही.

खात्री करायची तर कणकेचा उंडा अर्धा तास मुरू द्या आणि पातेल्यातल्या पाण्यात चोळत राहा. पाणी दुधासारखं होत जातं आणि मुठीत च्युइंगमसारखा चिवट गोळा उरतो. तेच ग्लुटेन. आपल्याकडे लांब रोटीचं सैल पीठ हातावर कोपरापर्यंत ताणून उलट्या मडक्यावर टाकतात, ते न फाटता ताणतं याच्याच जोरावर. ज्वारीचं पीठ असं ताणून दाखवा! म्हणून तर भाकर थापावी लागते. नुसता कोंडा भिजवला तर तसा गोळा जमत नाही.

मग कोंडा चालावा की? नाही. चाळणीत उरलेला कोंडा तळहातावर घासला की हात पांढरा होतो. चक्कीत साल आणि गर कधीच स्वच्छ वेगळे होत नाहीत, आणि या आजारात तेवढी पांढरी भुकटीही पुरते. शरीर ग्लुटेनवर चिडून स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडतं, तिथली अन्न शोषणारी बारीक लव सपाट होते. 'ग्लुटेनमुक्त' म्हणायची मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे एका पोळीएवढी कणीक सव्वा-दीड क्विंटल ज्वारीच्या पिठात मिसळली तरी ते पीठ जेमतेम मर्यादेवर येईल. हा हिशेब मी दिराला मांडून दाखवला, तेव्हा कुठे गव्हामागून ज्वारीचं दळण टाकणं बंद झालं. आता पोरीपुरतं घरच्या जात्यावर दळतो. जातं आधी खरवडून, धुऊन, वाळवून घेतलं, आणि पहिले दोन-चार घास गाईला गेले.

खपली, बन्सी, लोकवन यांतला कुठलाच गहू यातून सुटत नाही. जवही नाही. बाजारच्या हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, बहुतेकदा त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. आणि ज्यांची तपासणी व्हायची आहे त्यांनी आधीच गहू सोडू नये. सोडला तर रक्ताची तपासणी फसवू शकते.

खरा पेच पडला चैत्रात, कुरड्यांच्या वेळी. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटून पिळायचा, चोथा टाकायचा आणि खाली बसलेला पांढरा चीक शिजवायचा. सासूबाईंचं म्हणणं, "चिवट ते चोथ्यात गेलं, मंग चिकात काय राह्यलं?" बिनतोड प्रश्न. बरंचसं ग्लुटेन चोथ्यात जातंही. पण बरंचसं म्हणजे सगळं नव्हे, आणि घरच्या फडक्यातून गाळलेला चीक किलोमागे २० मिलिग्रॅमच्या खाली गेला की नाही हे कोण मोजणार? पोरीसाठी ज्वारीचे धापोडे घातले. वेगळ्या पातेल्यात, नव्या कोऱ्या कपड्यावर, आणि कुरड्यांच्या दोन दिवस आधी.